यशवंताला विचारायला जमलेलं गाव

रेवा आणि अर्णव,

परवा भल्या सकाळी मी सांगलीहून निघाले तेव्हा माझ्या मांडीवर निशिगंधाचं एक भलंमोठं पुष्पचक्र होतं आणि ते मला दोन्ही हातांनी धरून बसावं लागत होतं. फुलवाल्यानं बांबूच्या कामट्या जरा जास्तच उदारपणे वापरल्या होत्या. गाडी वळली की चक्र माझ्या हनुवटीला लागायचं. पण मी खुशीत होते. पाण्याची बाटली, भडंगाचा डबा (हे आमच्या सांगलीचे तिखट-लसूण लावलेले चुरमुरे, तुमच्या बाबाला विचारा, तो याच्यावर वाढला), छत्री, टोपी, औषधं आणि दिवसभराचा कार्यक्रम लिहिलेला कागद, असं सगळं पिशवीत नीट होतं. सकाळी कराड, दुपारी गाव, संध्याकाळी सातारा. साताऱ्यात कंदी पेढे घ्यायचे आणि जेवायच्या वेळेला सांगलीत परत. कागदावर हे फारच शोभून दिसत होतं.

हा प्रवास रेवामुळे घडला. तुमच्या शाळेच्या सहलीचा फोटो आला, तिकडच्या सैनिकांच्या दफनभूमीतला. हिरवंगार गवत, त्यावर पांढऱ्या दगडांच्या रांगा, सगळे दगड एका उंचीचे, आणि मध्ये लाल कोटातली रेवा. खाली तिनं विचारलं होतं, "आजी, आपले सैनिक कुठे असतात?"

दिल्लीला मोठं स्मारक आहे, पुण्याजवळ लष्करी दफनभूमी आहे, एवढं मला माहीत होतं. पण आपल्याकडच्या बहुतेक जवानांना अग्नी देतात. मग त्यांना भेटायला जायचं कुठे? आयुष्यभर मी वर्गात इंग्रजी शिकवलं आणि मुलांना एकच सांगत आले, माहीत नसेल तर शोधा. आता शोधायची पाळी माझी होती.

मी महिपतीला विचारलं. महिपती म्हणजे मी बाहेरगावी जाताना ज्याची गाडी सांगते तो. तो सैन्यात ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर मुलांच्या शिक्षणासाठी सांगलीत राहिला, पण गाव सातारा जिल्ह्यातलं, कराडच्या पुढचं.

तो म्हणाला, "त्यासाठनं दिल्लीला कशाला जाता बाई? आमच्या गावाला चला की. सहा जण हायत आमचं."

"एका ठिकाणी?"

"न्हाई. ज्येच्या त्येच्या रानात समाधी हाय. आता समद्यास्नी चौकात एका जागी आणायचं चाललंय. पाच आली. सहाव्याचा निकाल शुक्रवारी लागतोय."

"कसला निकाल?"

"चला तर खरं," एवढंच म्हणून तो आरशात बघत हसला. मी शुक्रवार पक्का करून टाकला.

आष्ट्याला चहाला थांबलो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. हवेत बारीक गारवा होता आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस असा बाहेर आलेला की मागच्याला पुढचं दिसू नये. टपरीवरचा चहा गुळाचा होता आणि इतका छान होता की मी दुसरा मागितला. तेवढ्यात एक काळी शेळी आली. पुष्पचक्र मी गाडीच्या बॉनेटवर ठेवलं होतं. मी ओरडेपर्यंत तिनं अर्धं संपवलं. हाकललं तर उरलेलं तोंडात धरूनच पळाली आणि उकिरड्यावर उभी राहून शांतपणे खाऊ लागली.

टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "लय वंगाळ शेळी हाय ती. मागल्या उन्हाळ्यात नवऱ्या मुलाचा हार खाल्ला तिनं, वरातीतनं."

मला रडावं की हसावं कळेना. महिपतीनं कामट्या उचलून बाजूला ठेवल्या. "जाऊ द्या बाई. आमच्यात असलं गोल काय चालत न्हाई. नारळ घ्या आन खडीसाखर घ्या. त्यास्नी तेच ओळखीचं."

मी नारळ घेतला.

पेठ नाक्याला महामार्गाला लागलो आणि कराडला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. तिथे मी तुम्हाला एकदा नक्की नेणार आहे. कृष्णा आणि कोयना इथे भेटतात, पण इतर नद्यांसारख्या तिरक्या येऊन मिसळत नाहीत. दोघी समोरासमोर येतात, जणू दोन बहिणी एकाच दारातून आत शिरायला बघताहेत, आणि मग वळून एकदम निघतात. म्हणून याला प्रीतिसंगम म्हणतात. पाण्यावर धुक्याचा पातळ पदर होता. आम्ही घाटावर बसून भडंग खाल्लं.

तिथेच महिपतीनं मला सगळं सांगितलं.

सहावी समाधी त्याच्या चुलत्याची होती. यशवंत त्याचं नाव. एकाहत्तरच्या लढाईत गेला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि महिपती पाळण्यात होता. त्याला तिकडेच अग्नी दिला. घरी पितळेच्या डब्यातून राख आली. "अर्धी हितंच सोडली, ह्या घाटाला. अर्धी रानात पुरून वर दगुड हुबा केला." तेव्हापासून ती जागा यशवंताची बहीण बघते. ती महिपतीची आत्या, सगळं गाव तिला अक्का म्हणतं. तिला गावातच दिलेली, सासरचं रान माहेरच्या रानाला लागून. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दूर गेली. अक्का तिथेच राहिली.

"गावानं चौकात झ्याक स्मारक बांधलंय. म्होरल्या म्हयन्यात उद्घाटन हाय, मोठं सायेब येणार हायत. पाच घरांनी दगुड दिलं. आत्या दीना."

"का?"

"ती म्हणती, त्येला पयल्यांदा नेला तवा मला कुणी इचारलं न्हाई. ह्या टायमाला इचारा. मला न्हवं, त्येला." महिपतीनं पाण्याकडे बघितलं. "म्हणून आज कौल लावायचाय."

कौल म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. इकडे एखाद्या गोष्टीचा निर्णय होत नसेल तर लोक देवाला विचारतात. गुरव (देवळाचा पुजारी) देवाच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न मोठ्यानं सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. घर बांधायचं, लग्न जमवायचं, विहीर खणायची, सगळं असं विचारतात. पण मेलेल्या माणसाला कौल लावल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी महिपतीला म्हटलं, "चल लवकर." भडंगाच्या डब्याचं झाकण लावायचंही मला सुचलं नाही.

महामार्ग सोडून आत वळलो की गावाची कमान लागते. कमानीवर दोन सिमेंटचे जवान, बंदुका खाली केलेले. आत प्रत्येक घरावर पाटी आणि पाटीवर नावाआधी हुद्दा: हवालदार, नाईक, सुभेदार. एका घराच्या दारावर तर सासरा, मुलगा आणि सून अशा तिघांच्या पाट्या होत्या, आणि सुनेचा हुद्दा सर्वांत मोठा होता. मी गाडी थांबवून त्या दाराचा फोटो काढला. आतून एक आजोबा ओरडले, "काढा काढा. पर सुनबाईची पाटी आधी पुसून घ्या, न्हाईतर मला सॅल्यूट मारायला लावंल!"

चौकात स्मारक दिसलं. गुळगुळीत काळा चौथरा, त्यावर पाच जुने ओबडधोबड दगड उभे. प्रत्येकावर पाथरवटानं आपापल्या समजुतीनं जवान कोरलेला. एकाच्या मिशा हेल्मेटपेक्षा मोठ्या. एकाच्या पायाशी कुत्रा, का ते कुणाला माहीत नाही. रांग सरळ होती, पण कुणाची उंची कुणासारखी नव्हती. पाचव्याच्या शेजारी एक रिकामी खाच. शेजारी एक गवंडी घमेल्यात सिमेंट कालवत बसलेला.

पांढऱ्या मिशांचे, ताठ कण्याचे सुभेदार आबा पुढे आले. स्मारकाच्या समितीचे ते प्रमुख. महिपतीनं माझी ओळख करून दिली. त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला. मी गोंधळून नमस्कार आणि सॅल्यूट यांच्या मधलं काहीतरी केलं.

मी विचारलं, "आबा, कौल अजून लागायचाय ना? मग सिमेंट आधीच?"

"तैयारी पूरी रखनी चाहिए," आबा म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, यशवंत आन मी एका दिवशी भरती झालो. एका ताटात जेवलोय. त्यो तिकडं एकटा ऱ्हातोय रानात. माझ्या डोळ्यांदेखत त्यो रांगंत यावा एवढंच माझं हाय." आणि ते लगेच गवंड्यावर ओरडले, "पाणी कमी घाल रं!"

आता मला कळेना, मी कुणाच्या बाजूची.

सगळं गाव रानाकडे निघालं. पुढे हलगी (हातात धरून काठीनं वाजवायचं चपटं चामडी वाद्य) कडकडत होती. मला वाटत होतं अशा ठिकाणी हळू बोलायचं असतं, पावलं हळू टाकायची असतात. पण इथे बायका मोठमोठ्यानं गप्पा मारत होत्या, कुणी ऊस सोलून खात होतं, आणि एकीनं माझ्या हातातला नारळ बघून "शेंडी ठेवलीया का बघू," म्हणून तपासूनसुद्धा घेतला. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच ऊस. पायवाट ओली. माझ्या चपला चिखलात दोनदा रुतल्या. तिसऱ्यांदा मी त्या काढून हातातच घेतल्या आणि तुमची शिस्तीची आजी अनवाणी चालायला लागली. गार चिखल बोटांतून वर येतो तेव्हा फार बरं वाटतं, हे मी विसरले होते.

ऊस एकदम संपला आणि एक मोकळी जागा आली. शेणानं सारवलेली, कडेनं झेंडू. मध्ये गुडघ्याच्या वर येणारा काळा दगड, त्यावर कोरलेला जवान. त्याचे कान फार मोठे होते. शेजारी एक काटक बाई खुरपं घेऊन बसलेली. साधारण माझ्याच वयाची. हिरवं नऊवारी, हातात पितळी कडं. ती उठली नाही.

"आलासा? लय मोठी फौज आणलीस बाळू," ती म्हणाली. बाळू म्हणजे आपले सुभेदार आबा.

"अक्का, शिस्तीत बोल. समदी समिती आलीया."

"समितीला काय शिंगं फुटली व्हय? चिंचा चोरताना माझ्या बानं ह्येला झाडाला बांधला हुता," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "तवा सोडवायला कोण आलं? यशवंता आला. इचार त्येला."

लोक हसले. आबांच्या मिशाही हलल्या.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ह्या कोण?"

महिपती म्हणाला, "सांगलीच्या बाई हायत आत्या. समाधी बघायला आल्यात. त्यांची नातवंडं परदेशात हायत, त्यांनी इचारलंय."

"नातवंडांनी इचारलं?" तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. माझ्या चिखलाच्या पायांवर तिची नजर थांबली आणि ती जरा सरकली. "मग बसा की. हुब्या का?"

मी तिच्या शेजारी सारवलेल्या जमिनीवर बसले. कार्यक्रमाचा कागद मी तेव्हाच घडी करून पिशवीच्या तळाशी सरकवला असावा, कारण नंतर तो तिथे सापडला.

आता गुरवमामांनी घोळ घातला. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आक्का, मी आदल्या दिशीच म्हणलो हुतो. कौल देवाला लावत्यात. माणसाला लावायची रीत न्हाई."

"माणूस?" अक्का म्हणाली. "मग दर दसऱ्याला त्येच्या म्होरं नारळ कशाला फोडता? भरतीला जाणारी पोरं त्येच्या पाया कशाला पडत्यात? तवा देव, आन इचारायची येळ आली की माणूस?"

गुरवमामांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं, शहरातली शिकलेली बाई म्हणून. मी म्हटलं, "मला तर अक्कांचं बरोबर वाटतं."

"घ्या! सांगलीचा पण कौल आला," मागून कुणीतरी ओरडलं.

गुरवमामांनी दगडाला पाणी घातलं, आंघोळ घातली म्हणा ना. मी माझा नारळ पुढे केला, त्यांनी तो फोडला. मग झेंडूच्या दोन ओल्या पाकळ्या घेतल्या आणि दगडातल्या जवानाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या, बरोबर जिथे हुद्द्याचे बिल्ले असतात तिथे. हलगी थांबली. गुरवमामांनी हात जोडून मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं:

"बा यशवंता! गावानं तुझ्यासाठनं चौकात जागा केलीया. तुझं पाच सोबती तिथं आल्यात. तुला यायचं असंल तर उजवी दे. हितं भनीपाशी ऱ्हायाचं असंल तर डावी दे. जे असंल ते मोकळ्या मनानं सांग, कुणाची भीड धरू नगंस."

आणि आम्ही सगळे दगडाकडे बघत बसलो.

मुलांनो, तुम्ही क्रिकेटचा शेवटचा चेंडू बघताना जे होतं ना, तसं माझं झालं. देवाधर्माच्या बाबतीत मी कशी आहे हे तुमच्या आईला विचारा. पाकळी ऊन आणि वारा यांच्यामुळे सुकून पडते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण डोळे त्या दोन पिवळ्या ठिपक्यांवरून हलेनात. उजवी थोडी सुटली की आबा पुढे झुकायचे. डावी हलली की अक्काचा हात माझ्या गुडघ्यावर आवळायचा. आणि मी? उजवी सुटली की म्हणायची, नको नको. डावी हलली की तेही नको.

पाकळ्या काही पडेनात. ऊन चढलं. लोक सावलीला सरकले. अक्का म्हणाली, "ह्यो लहानपणापासनं असलाच. जेवू काय म्हणून इचारलं तरी तासभर इचार करायचा." मग ती उठली, खोपीत (रानातल्या झोपडीत) गेली आणि भाकऱ्यांची दुरडीच घेऊन आली. पहाटेपासून करून ठेवल्या होत्या, ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्यासाठीच. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, हिरव्या मिरचीचा खर्डा (जाडसर ठेचा) आणि मडक्यातलं दही. ताटं नव्हती, भाकरीवरच वांगं. खर्डा असा होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्का म्हणाली, "रडायला अजून अवकाश हाय बाई, दही घ्या."

मी तिला विचारलं, "अक्का, तुम्हाला काय हवंय? खरं सांगा."

तिनं भाकरी मोडली. "मला? त्येला न्यायला जीप आली तवा मी न्हेमीसारखी पाणी धरायला गेलेली, वरच्या पट्टीला. रजा मोडून बोलावला हुता. मी येस्तवर जीप गेली. कुणी थांबलं न्हाई. जातो म्हणून त्येनं मला सांगायचं ऱ्हायलं." ती तुकडा चावत राहिली. "मला फक्त, ह्या टायमाला त्येनं सांगून जावं. न्हाईतर सांगून ऱ्हावं."

मी तिच्या भाकरीवर दही वाढलं.

वाऱ्याची एक झुळूक आली. ऊस सळसळला. एक पाकळी सुटली, दगडाच्या छातीवरून घसरली आणि खाली पडली.

डावी.

अक्का दोन्ही हात वर करून उठली. "बगा! बगा! ऱ्हातो म्हणला! माझ्यापाशी ऱ्हातो म्हणला!" हलगीवाल्याला काय करावं कळेना, त्यानं सवयीनं दोन ठोके टाकले आणि थांबला. बायकांनी अक्काला घेरलं. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. मीही टाळ्या वाजवत होते, हे मला नंतर कळलं.

सुभेदार आबा मात्र ताठ उभे होते. त्यांनी टोपी सरळ केली, दगडाला सॅल्यूट केला आणि वळले. "ठीक हाय. हुकूम झाला. चला," ते म्हणाले. आवाज साफ होता, पण पावलं वाट चुकून उसातच शिरली.

अक्काचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. "बाळू, त्या खाचेत आता कुणाला बसवनार?"

"कुणाला न्हाई."

"म्हंजी?"

"रिकामीच ऱ्हाणार. जागा त्येची हाय. दुसरा कोण बसंल?"

अक्कानं डोक्यावरचा पदर नीट केला. मग खाली बसून ती पडलेली पाकळी उचलली आणि तळहातावर ठेवून बघत राहिली. दुसरी पाकळी अजून उजव्या खांद्यावर होती.

"आन मोठं सायेब येतील तवा?" तिनं विचारलं. "पाच जण वळीनं हुभं, आन माझ्या भावाची जागा मोकळी? हजेरीला न्हाई दिसला म्हणून काय म्हणतील लोकं त्येला?"

आबा उसातून परत बाहेर आले होते.

अक्का दगडाशी गेली. त्याचे ते मोठाले कान तिनं पदरानं पुसले. "ह्येनं डावी दिली ती माझ्या भिडंखातर," ती म्हणाली. आता ती आमच्याशी नव्हे, त्याच्याशीच बोलत होती. "मी रागावंल म्हणून. पयल्यापासनं माझं मन मोडायचा न्हाईस तू. पर इचारलं न्हवं तुला समद्यांनी? समदं गाव आलं न्हवं इचारायला? सांगितलंस न्हवं मला? झालं तर मग." तिनं उजव्या खांद्यावरची पाकळी आपल्याच बोटानं काढली. "जा आता. सोबती वाट बगत्यात."

गुरवमामा पुटपुटले, "आक्का, कौल असा हातानं..."

"तुमी गप ऱ्हावा मामा. माणसाला कौल लावायची रीत न्हाई म्हणत हुता न्हवं?"

हसू आणि हुंदके एकदमच फुटले. हलगी अशी कडाडली की उसातले बगळे उडाले.

दगड अक्कानं आधी हलवला. खुरप्यानं बुडाची माती तिनं स्वतः मोकळी केली, मग आठ-दहा हात लागले. सगळी वाट तिचे हुकूम चालू होते. "आडवा नेऊ नगा, हुभा न्या. त्यो काय आजारी हाय व्हय?" त्यामुळे लोकांनी तो जड दगड उभाच्या उभा, दोरांनी सावरत, नाचवत चौकात आणला. वाटेत एका बाईनं माझ्या ओंजळीत झेंडू दिले आणि मीही उधळत चालले. चपला कुठे गेल्या होत्या कुणास ठाऊक. त्या संध्याकाळी महिपतीला गाडीच्या टपावर सापडल्या.

चौकात गवंड्याचं सिमेंट घट्ट होत आलं होतं. अक्कानं आबांकडे रोखून बघितलं. "माल आदीच कालवून ठेवला हुतास? मला न इचारता?"

"आशेवर," आबा म्हणाले, बारीक आवाजात.

"शेजारी कोण हाय त्येच्या?"

"कदमांचा लक्ष्मण."

"बरा हाय. पर घोरायचा, आसं त्याची आय सांगायची." ती चौथऱ्याला वळसा घालून आली आणि मग म्हणाली, "बसवा."

दगड खाचेत उतरला. आबांनी खणखणीत आवाजात "सावधान!" म्हटलं. गावातले सगळे माजी जवान, लेंगेवाले, धोतरवाले, एकजण हातात दुधाची किटली घेतलेला, जिथे होते तिथे ताठ झाले. माझीही पाठ आपोआप सरळ झाली. सहा दगड, सहा उंचीचे, आणि त्यातला एक नुकताच ओल्या मातीचा, मोठ्या कानांचा. कुणीतरी पेढ्यांचा पुडा फोडला आणि माझ्या हातावर दोन ठेवले. साताऱ्याचेच कंदी पेढे होते, खरपूस भाजलेल्या खव्याचे. सातारा मात्र आमचा राहूनच गेला.

निघताना मी अक्काच्या पाया पडायला वाकले. तिनं मला दंडाला धरून उभं केलं. "आवं, आपण एका वयाच्या. नातवंडांस्नी सांगा, आमच्यातली माणसं इचारल्याबिगर हालत न्हाईत."

परतीच्या वाटेवर ट्रॉल्यांच्या मागे मागे, उसाच्या वासात, गाडी हळूहळू चालली होती. मी तुमच्या त्या हिरव्या मैदानाचा विचार करत होते. ते सुंदरच आहे रेवा, आणि सगळ्यांना सारखं मानणं ही मोठी गोष्ट आहे. पण आमच्याकडे माणूस गेला तरी त्याचा रुसवा, त्याची भीड, त्याचे शेजारी, सगळं चालूच असतं. त्याचं घर त्याच्याशी भांडायचं थांबत नाही. मी बघायला गेले होते स्मारक, आणि बघून आले एक भाऊ-बहीण. मला इतका आनंद का झाला होता, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आष्टा गेल्यावर महिपती एकदम हसायला लागला.

"काय झालं?"

"निघताना आत्याला म्हणलो, आता ती रानातली जागा मोकळी झाली, नांगरून उसात घेऊ. तीन सऱ्या आरामात बसतील. आत्यानं खुरपंच उगारलं."

"का?"

"म्हणली, आन सुट्टीवर आला तर उतरंल कुठं?"

घरी पोचल्यावर मी हातपाय धुतले आणि दिवा लावला. मग तुमच्या खोलीत गेले. या आठवड्यात तिथले दोन्ही पलंग काढून शिलाईचं मशीन आणि कपाट तिकडे हलवायचं मी ठरवलं होतं. सुतारालाही बोलावलं होतं. सकाळी त्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. चादरी तेवढ्या बदलून ठेवल्या आहेत.

तुमची,
आजी

सांगली